उतरण्याचं इंग्रजी

मॅडमनी फळ्याच्या मधोमध एक इंग्रजी शब्द लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि विचारलं, "कोण वाचतंय?"

मी हात वर केला. त्या दिवसांत माझा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा. उत्तर येत असो की नसो, गप्प बसून राहणं मला जमायचंच नाही.

"डिसेंट," मी म्हणाले. "म्हणजे सभ्य. चांगल्या वळणाचा माणूस."

दोघीतिघींनी माना डोलावल्या. मॅडमनी मात्र खडू खाली ठेवला. "सभ्य तो डीसंट. तिथे जोर सुरुवातीला. हा डिसेंट, इथे जोर शेवटी. याचा अर्थ उतरणं. विमान खाली यायला लागतं ना, ते."

कॉलेज रोडवर नव्यानेच झालेल्या काचेच्या इमारतीत आमचा वर्ग भरायचा. दोन हजार पाच-सहाचा सुमार होता. दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी नवी विमान कंपनी निघायची, वर्तमानपत्रात पानभर जाहिरात यायची, आणि नाशिकसारख्या गावातही हवाई सुंदरी बनवणारे क्लास निघाले होते. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. विमान मी आकाशात पाहिलेलं, ओझरच्या बाजूने गडगडत जाणारं. जवळून कधीच नाही. तरी जाहिरात वाचली आणि कापून पप्पांच्या डब्याच्या पिशवीवर ठेवली.

पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. पाळीवरून आले, हातपाय धुतले, जाहिरात वाचली. "विमानात काय काम असतं?"

"लोकांना बसवायचं, खायला द्यायचं, सूचना सांगायच्या. इंग्रजीत."

"आणि विमान पडलं तर?"

"तर बाहेर काढायचं."

त्यांनी जाहिरातीची घडी घातली. "कर. पण मधेच सोडायचं नाही."

माझा सोडण्याचा लौकिक तोवर मोठा होता. टायपिंग सोडलं, ब्यूटी पार्लरचा कोर्स सोडला, कॉम्प्युटर सोडला. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे." मला स्वतःला ते भिंगरीसारखं वाटायचं नाही. बसमधे उभं राहावं लागलं, पुढे मागे लोक दाटलेले आहेत आणि आपला थांबा केव्हा येईल ते कुणी सांगत नाही, तसं वाटायचं.

तर मॅडम. त्या मूळच्या नागपूरच्या. पूर्वी स्वतः विमानात काम केलेल्या. ताठ उभ्या राहायच्या, आणि कुणी बोलायला लागलं की मान थोडी वळवून उजवा कान त्याच्याकडे करायच्या. आम्हाला ती त्यांची ढब वाटायची, आणि वर्गातल्या काहीजणी तशी मान वळवायलाही शिकल्या होत्या.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर त्या गोलाभोवती शब्दच शब्द लिहिले. "इंग्रजी शब्द एकटा पाठ केलात तर ऐन वेळी तोंडात येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याची सोबत पाठ करायची. त्याच्या आधी कोण येतं, मागून कोण येतं. आपण मराठीत सगळ्याला 'करणं' लावतो. फोन करणं, प्रेम करणं, आंघोळ करणं. इंग्रजीत तसं चालत नाही. विमान डिसेंट 'डू' करत नाही. ते डिसेंट 'बिगिन' करतं."

मग आम्ही सगळ्या एका सुरात म्हणत गेलो. बिगिन द डिसेंट. ग्रॅज्युअल डिसेंट म्हणजे हळूहळू उतरणं. रॅपिड डिसेंट म्हणजे झपाट्याने. स्टीप डिसेंट म्हणजे उभा उतार. मला सावळघाट आठवला.

पेठच्या पलीकडच्या डोंगरात आमचा पाडा आहे. पप्पा तिथलेच. नाशिकहून पेठेला जाणारी बस सावळघाटात शिरली की वळणं सुरू होतात, आणि लहानपणापासून त्या घाटाने मला कधी कोरडं उतरू दिलेलं नाही. दिवाळीला, अखजीला म्हणजे अक्षय तृतीयेला, कुणाच्या लग्नाला. आई लिंबू घ्यायची, आवळासुपारी घ्यायची, पिशव्या तर घ्यायचीच. पहिलं वळण जायचं, दुसरं जायचं, मग खिडकीच्या गजातून तोंड बाहेर. गंमत म्हणजे येताना घाट चढताना काहीच व्हायचं नाही. चढताना मी बडबडत यायचे. त्रास फक्त उतरताना.

त्याच तासाला मॅडमनी सांगितलं की विमानात खरं काम उतरतानाच असतं. "टेक-ऑफला लोक गप्प असतात, देवाचं नाव घेतात. डिसेंट सुरू झाला की कान दुखतात, मुलं रडतात, कुणाला उलटी होते, कुणाला तेवढ्यातच बाथरूमला जायचं असतं. तेव्हा तुम्ही पायावर पक्क्या पाहिजेत."

वर्ग सुटल्यावर मी थांबले. मॅडमच्या उजव्या बाजूने गेले की डाव्या ते आठवत नाही, पण मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. "मॅडम, मला उतरताना मळमळतं. बसमधे. नेहमी."

"विमानात?"

"विमानात बसलेच नाहीये."

"बसमधे वर्षातून किती वेळा उतरतेस?"

"दोन-तीनदा."

"मग शरीराला कळणार कसं? दर आठवड्याला उतर. सवय होते. मलाही झाली." आणि त्या पर्स उचलून निघून गेल्या.

घरी आले तेव्हा आई मावशीशी फोनवर बोलत होती. स्थळाचं चाललेलं. मुलगा सुरगाण्याकडे आश्रमशाळेत शिक्षक. "अगदी डिसेंट आहे गं," आई म्हणाली. "पान नाही, तंबाखू नाही."

"डिसेंट नाही आई, डीसंट," मी बूट काढता काढता म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

"नाही. तू म्हणालीस त्याचा अर्थ मुलगा खाली उतरतोय."

आईने फोनवर हात ठेवला. "तो उतरू दे नाहीतर चढू दे. रविवारी यायचेत. घरी राहा."

रविवारी ते आले. मुलगा खरोखरच साधा होता, मला आवडलाही असता. त्याने विचारलं, लग्नानंतर सुरगाण्याला राहाल का? मी म्हणाले, मला अजून कुठे राहायचं तेच ठरलेलं नाही. त्याने ते मनावर घेतलं नाही, मोकळेपणाने हसला, चहा संपवला. पुढे त्यांच्याकडून निरोप आला नाही, आणि आई माझ्याशी चारेक दिवस कामापुरतंच बोलली.

पुढच्या सुट्टीला मी पप्पांना म्हणाले, "मला पेठेला जाऊन यायचंय. नुसतं जायचं आणि परत यायचं." कारण सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "एकटी नको. उलटी झाल्यावर पिशवी कोण धरणार?"

असे आमचे रविवार सुरू झाले. पेठ नाक्यावरून सकाळची बस. मी मुद्दाम मागच्या बाजूला, जिथे हेलकावे जास्त, पप्पा शेजारी मांडीवर पिशवी घेऊन. पहिल्या खेपेला तिसऱ्या वळणावर सगळं संपलं. दुसऱ्या खेपेलाही. कंडक्टर तोच होता. त्याने तिकीट फाडताना विचारलं, "एवढं होतंय तर दर रविवारी कशाला आणता पोरीला? दवाखान्यात चाललात का?"

"नाही. सराव चाललाय," पप्पा म्हणाले.

"कशाचा?"

"उतरायचा."

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं आणि टिकटिक करत पुढे गेला.

पेठेला उतरायचं, पप्पांनी चहा प्यायचा, मी प्यायचे नाही, आणि परतीची बस धरायची. मॅडमनी सांगितलं होतं की नजर दूरच्या स्थिर गोष्टीवर ठेव आणि तोंडाला काम दे. म्हणून घाट उतरताना मी उभं राहून सूचना म्हणायला लागले. वरचा दांडा धरायचा नाही, पाय थोडे फाकवून उभं राहायचं, समोरच्या डोंगराच्या कडेकडे बघायचं. "लेडीज अँड जंटलमन, वी हॅव नाउ बिगन अवर डिसेंट." बस वळली की मी वळायचे, शब्द तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या बाकावर एक म्हातारी पाटी घेऊन बसलेली होती. तिने बराच वेळ ऐकलं आणि पप्पांना विचारलं, "पोरीच्या अंगात येतं का हो?"

"नाय आजी, नोकरीचं बोलतेय," पप्पा म्हणाले.

मला आठवतं ते त्यांचं ते 'नाय'. सातपूरला पप्पा 'नाही' म्हणायचे. कारखान्यात, दुकानात, शाळेत मास्तरांपुढे. घाट उतरला की त्यांची बोली बदलायची, आणि खाली पाड्यावर पोचल्यावर ते काकाशी बोलू लागले की मला अर्धं कळायचं नाही. मी लहानपणापासून ते ऐकत आले होते, पण त्याकडे कान दिला तो या खेपांमधे, कारण आता बोलण्याशिवाय मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी माझी उलटी थांबली. नेमकी कोणत्या खेपेला ते सांगता येणार नाही. पेठेला उतरल्यावर पप्पा म्हणाले, "पिशवी तशीच राहिली," आणि मला कळलं. त्या दिवशी मी चहा प्यायले, वर एक वडाही खाल्ला.

तिकडे वर्गात त्या शब्दाचा दुसरा अर्थ आला. मॅडम म्हणाल्या, "हाच डिसेंट माणसांनाही लागतो. कूळ, मूळ. ऑफ इंडियन डिसेंट म्हणजे मूळचा भारतीय. ऑफ मिक्स्ड डिसेंट म्हणजे आईबाप वेगवेगळ्या मुळांचे. ट्रेस युअर डिसेंट म्हणजे आपलं मूळ शोधत मागे जाणं. परदेशी प्रवासी बोलताना हे शब्द वापरतात, तुम्हाला कळले पाहिजेत. आता प्रत्येकीने स्वतःबद्दल एक वाक्य."

एकीने सांगितलं राजपूत डिसेंट. दुसरीने घराण्याचं नाव घेऊन थेट कुठल्याशा सरदारापर्यंत नेलं. माझी पाळी आली आणि नेहमी पहिल्यांदा वर जाणाऱ्या माझ्या हाताचं काय झालं कुणास ठाऊक. आम्ही कोकणा, म्हणजे आदिवासी. माझ्या दाखल्यावर तसं लिहिलेलं होतं, कॉलेजात मला ते ठाऊक होतं, कारकुनांना ठाऊक होतं. पण तो शब्द मी तोंडाने कधी कुणाला सांगितलेला नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "आय अ‍ॅम ऑफ नाशिक डिसेंट."

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "नाशिक हे मूळ नाही, ते गाव झालं. तिथे फक्त उतरता येतं." मीही हसले. पण नंतरचा सगळा तास मी बाकाखाली पाय हलवत बसले होते.

त्या रविवारी आम्ही पेठेहून परत फिरलो नाही. मी पप्पांना म्हणाले, पाड्यावर जाऊ. जीप मिळाली तिथपर्यंत जीपने आणि पुढे चालत. काका शेतावर होता. पप्पा मला पाड्याबाहेरच्या झाडांखाली घेऊन गेले, जिथे गेलेल्या माणसांच्या नावाने उभारलेले लाकडी खांब आहेत. लहान असताना आम्हा मुलांना तिकडे खेळू द्यायचे नाहीत. काही खांब नवे, शेंदूर ताजा. काही इतके जुने की वरचं कोरीव काम पावसाने धुऊन नेलेलं.

"ह्यो माझा बाप," पप्पा म्हणाले. "तुला आठवत असंल."

आठवत होता. अंगणात बसून विडी ओढणारा आणि मी आले की हाताने माझी उंची मोजणारा.

"ह्यो त्याचा बाप. त्यानं इथली पहिली खाचरं काढली. त्याच्या मागं त्याचा बाप. आणि तो आडवा झालाय ना, तो कोणाचा ते बापालाबी ठाऊक नव्हतं. पण आपलाच हाय."

मी खांबांकडे बघत होते. त्यांच्यावर सूर्य होता, चंद्र होता, घोड्यावरचा माणूस होता. आमच्यात घोडा कुणाकडे होता?

"इंग्रजीत आपल्याला काय म्हणायचं?" पप्पांनी विचारलं. क्लासातली गोष्ट मी त्यांना बसमधे सांगितली होती.

"ऑफ ट्रायबल डिसेंट. बहुतेक."

"तो उतरायचा शब्द?"

"तोच. कुळालाही तोच आणि उतरण्यालाही तोच. वरच्या पिढीतून खाली उतरत आलो, असं धरतात."

पप्पांनी खांबावर पडलेली वाळकी पानं काढली. "मी तर चढून आलो," ते म्हणाले. "घाट पायी चढलो होतो पहिल्यांदा. बस चुकली होती." मग आम्ही काकाकडे जेवायला गेलो.

पहिली मुलाखत नाशिकलाच एका हॉटेलात झाली. उंची मोजली, वजन केलं, भिंतीवर खूण होती तिथे टाचा उचलून बोटं टेकवायला लावली. माझी टेकली. दुसरी फेरी मुंबईला. सकाळच्या गाडीने मी आणि पप्पा निघालो. इगतपुरी सोडल्यावर गाडी कसारा घाट उतरायला लागली, बोगद्यांमागून बोगदे. मला काही झालं नाही, पण पप्पा पूर्ण घाटभर माझ्या तोंडाकडे बघत होते.

मुलाखतीच्या खोलीत तिघं होते. मधल्या बाईंनी विचारलं, "टेल अस अबाउट युअर फॅमिली." मी सांगितलं. वडील कारखान्यात. आई घरी. आणि मग, कुणी मागितलेलं नसताना, "वी आर ऑफ ट्रायबल डिसेंट, फ्रॉम द हिल्स वेस्ट ऑफ नाशिक." वाक्य बरोबर होतं, सोबत बरोबर होती, जोर शेवटी होता. बाई म्हणाल्या, "इंटरेस्टिंग," आणि काहीतरी लिहिलं. मी बाहेर आले. संध्याकाळी लावलेल्या नावांमधे माझं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी त्या एका शब्दावर किती तरी वेळ घालवला. इंटरेस्टिंग म्हणजे काय? चांगलं की वाईट? वाक्य म्हटलं नसतं तर? की दात, की रंग, की 'व्ही' म्हणताना ओठ चुकले? पप्पांनी दोनदा विचारलं, "त्यांनी कारण काय सांगितलं?" कारण ते सांगतच नाहीत, हे त्यांना पटेना. कारखान्यात माल परत आला तर त्यावर लिहिलेलं असतं, कुठे किती चुकलं ते.

दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीआधी मी मॅडमकडे गेले. म्हणाले, "ते वाक्य बोलू की नको?" त्यांनी मान वळवली. त्या दिवशी पहिल्यांदा मी सरळ विचारलं, "मॅडम, तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही का?"

"थोडं येतं. सर्दी होती, तरी फ्लाइट केली. रजा मागायची भीती वाटायची तेव्हा. उतरताना पडदा फाटला. लँडिंग होईपर्यंत मी हसत होते, ब्लाउजवर रक्त आलं तेव्हा बरोबरच्या मुलीने बघितलं." त्यांनी पर्सची साखळी ओढली. "तुझ्या वाक्याचं मला सांगता येणार नाही. मला घेतलं तेव्हा का घेतलं तेही माहीत नाही आणि काढलं तेव्हा फक्त कान सांगितला. तू सर्दी असताना उडू नकोस, एवढं मात्र ऐक."

दुसऱ्या मुलाखतीत मी फक्त नाशिक म्हणाले. त्यांनीही घेतलं नाही. म्हणजे त्या वाक्याचा दोष नव्हता, किंवा होता आणि यावेळी दुसराच काही होता. मी सातपूरच्या गॅलरीत येरझारा घालायचे. खालून पाळी सुटलेल्या माणसांच्या सायकली, मोटरसायकली जायच्या. आई म्हणायची, "अगं बस. फरशी झिजेल." मी बसायचे आणि मग उठायचे.

तिसरी कंपनी अगदी नवी होती. तिथे घरचं कुणी काही विचारलंच नाही. एका पोरसवदा साहेबाने सांगितलं, "इमॅजिन इट्स अ बम्पी डिसेंट. मेक द अनाउन्समेंट." मी उठले, पाय थोडे फाकवले आणि दूर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणत गेले. मधे त्याने मुद्दाम टेबल हलवलं, तरी मी थांबले नाही. सावळघाटात कंडक्टर मधूनच घंटी वाजवायचा, त्यापुढे टेबल म्हणजे काहीच नव्हतं. त्यांनी मला घेतलं.

दिल्लीजवळ प्रशिक्षण झालं. पहिल्या उड्डाणाला मळमळ झाली का, असं आईने फोनवर विचारलं. खरं सांगायचं तर लक्षात नाही. एका बाईला पाणी हवं होतं, एकाचं बाळ किंचाळत होतं, ट्रॉलीचं कुलूप बसत नव्हतं. विमान टेकलं तेव्हा मला कळलं की आपण उतरलो.

काही महिन्यांनी दिल्ली-मुंबईच्या एका फेरीत मी कॅप्टनना चहा द्यायला गेले. बोलता बोलता विचारलं, मुंबईसाठी आपण उतरायला कुठे लागतो? ते म्हणाले, "नाशिकच्या आसपास. वाऱ्यावर असतं, पण साधारण तिथेच." मी बाहेर आले, मायक्रोफोन घेतला आणि वाक्य म्हटलं. मग दाराच्या छोट्या खिडकीतून खाली बघितलं. तपकिरी डोंगर, मधे कुठे तरी धरणाचं पाणी चमकलं. पेठ कुठे, सातपूर कुठे, काही कळेना. कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. पण माझ्याबरोबरची मुलगी लुधियानाची होती आणि तिला ग्लास गोळा करायची घाई होती. मीही पिशवी उघडून ग्लास गोळा करायला लागले.

दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच कंपनी डबघाईला आली. आधी काही विमानं उभी राहिली, मग फेऱ्या कमी झाल्या, मग आम्हाला एका हॉलमधे बोलावून सांगितलं. माझ्यासारख्या नव्या मुलींना आधी काढलं. मी बॅग घेऊन सातपूरला आले. कॉलेज रोडवर बघून आले तर क्लासच्या जागी कपड्यांचं दुकान झालं होतं. मॅडम कुठे गेल्या ते दुकानदाराला माहीत नव्हतं.

पुन्हा गॅलरी, पुन्हा येरझारा. आईने पुन्हा मावशीला फोन लावायला सुरुवात केली. मी चार हॉटेलांत आणि दोन दवाखान्यांत रिसेप्शनसाठी अर्ज दिले आणि फोनकडे बघत बसले. पप्पा त्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले होते. आषाढात ते म्हणाले, "मी आवणीला चाललोय. भाऊ एकटा पडतो. तू येतेस?"

भाताची रोपं खाचरात लावायची ती आवणी. मी ती लहानपणी बांधावरून पाहिली होती, चिखलात कधी उतरले नव्हते. काकूने माझ्या हातात रोपांची जुडी दिली आणि माझी रंगवलेली नखं पाहिली. दोन ओळी लावल्यावर म्हणाली, "पुढं नाय यायचं गं. मागं मागं सरकायचं. लावलेलं तुडवशील."

मी मागे सरकत गेले. कंबर मोडली. माझी ओळ वाकडी गेली, चुलतबहिणी हसल्या, काकूने ती उपटून पुन्हा लावली. दुपारी पप्पा आणि काका बांधावर बसून पुढचं कुठलं खाचर घ्यायचं यावर वाद घालत होते, आणि त्यांच्या बोलण्यातलं आता मला बरंच कळत होतं. संध्याकाळी नाचणीची भाकरी खाऊन मी अशी झोपले की विमानातली दोन वर्षं तशी झोप लागली नव्हती.

पण हे फार गोड करून सांगायला नको. तिसऱ्या दिवशी माझे पाय पुन्हा वळवळायला लागले. पाड्यावर रेंज नव्हती. मी पावसात टेकडीवर चढून फोन वर धरून उभी राहिले. नाशिकच्या एका हॉटेलातून निरोप होता, सोमवारी या. मी खाली आले आणि पप्पांना सांगितलं. मला वाटत होतं, थांब म्हणतील, अजून दोन खाचरं बाकी आहेत म्हणतील. मला ते थोडं हवंही होतं.

पप्पा गुडघाभर चिखलात उभे होते. हातातली जुडी त्यांनी काकाकडे फेकली.

"मग उद्या पहाटेची बस धर," ते म्हणाले. "मी आवणी उरकूनच येतो. आईला सांग, छत्री राहिलीय माझी, दारामागं. आणि ओले कपडे वेगळ्या पिशवीत भर, नायतर सगळं वास मारंल."